रंग उडाले नव्हते

वन्सं, तुमच्याशी तोंडावर भांडून उपयोग नाही, तुम्ही हसून विषय बदलता. म्हणून लिहून भांडते. वाचणाऱ्यांनाही कळू दे, माझी नणंद काय चीज आहे ते.

चादरी छापण्याच्या कारखान्यात नक्षी काढायला लागलात, तेव्हा तुमचा एकही केस पांढरा नव्हता. उभा जन्म दुसऱ्यांनी सांगितलेले गुलाब काढलेत. घरी मात्र कुंपणाकडेचं, गटाराकाठचं रानफूल खुडून आणायचं, टीपकागदात घालून माझ्या कॉलेजच्या जाडजूड पुस्तकांखाली दाबायचं आणि वाळेपर्यंत वाट बघत बसायचं.

"अहो, ताजं असताना काढा ना!" मी ओरडायची.

"ताजं फूल मिरवतं, वहिनी. वाळलं की त्याचा स्वभाव दिसतो."

आणि दिसायचा, नाही कशाला म्हणू? मुडपलेली पाकळी, वाकडा देठ, बी सांडून रिकामी झालेली बोंडं. सगळं तपकिरी, पण तपकिरीच्या तरी किती तऱ्हा! निवृत्तीच्या वर्षी मालक म्हणाले, "ताई, एक चादर तुमच्या मनासारखी होऊ दे." सगळ्या नोकरीत तुमची स्वतःची अशी ती एकच. तुम्ही हीच फुलं काढून दिलीत.

नमुना छापून आला तो गुलाबी-पोपटी! कारखान्यातल्या रंगमास्तरांना वाटलं, कागद जुना, रंग उडालेत. भल्या माणसाने राबून एकूणएक फूल ताजं केलं. वर तुम्हालाच म्हणतात, "बघा ताई, कशी टवटवीत झालीत!"

"छान झालीत," तुम्ही म्हणालात.

छान? माझं डोकंच फिरलं. "वन्सं, चपला घाला. तागे छापायला लागायच्या आत सांगून येऊ, रंग उडाले नव्हते, तोच रंग होता!"

"इतक्या हौसेने केलंय हो त्यांनी. हिरमुसतील."

"आणि तुम्ही?"

"जाऊ ना. उद्या."

उद्या तुमचे गुडघे दुखले. परवा मास्तरांकडे पाहुणे येणार होते म्हणे; तुम्हाला बरं कळलं! मी एकटी निघाले, तर दारात आडव्या: "माझी चादर आहे, मीच बोलेन." मी चपला परत काढल्या. शेवटी शनिवार ठरला; सोमवारी तागे छापायला लागणार होते. शनिवारी मी कुलूप हातात घेऊन जिन्यात उभी. "आलेच हं," म्हणालात, आणि आत जाऊन भाजी निवडायला बसलात.