सुमनच्या अर्ध्या राहिलेल्या काचपट्ट्या

सुमनला जाऊन दीड महिना झाला. सकाळी पोहे भिजवून खाली बसली, ती उठलीच नाही... दवाखान्यातून परतलो तर टेबलावर काचपट्ट्यांची पेटी उघडीच. अर्ध्या पाहून झालेल्या, अर्ध्या तशाच. शेजारी तिची नोंदींची वही.

मी सातवी शिकलेला, सक्करदऱ्यात स्कूटरी दुरुस्त करणारा. माझी बायको मलेरियाच्या कचेरीत सूक्ष्मदर्शकावर तापाच्या रोग्यांचं रक्त तपासायची. निवृत्त झाली, मला वाटलं सुटली. तर तिची भाची अनघा पेटी आणि सूक्ष्मदर्शक घेऊन हजर! ही पोरगी अंदमानकडच्या बेटांवर रानातले सरडे धरते, त्यांच्या पायाच्या बोटातून थेंबभर रक्त काचेवर घेते आणि सरडा सोडून देते. एका बेटावर सरड्यांना मलेरिया भरपूर, शेजारच्या बेटावर नाही, असं काहून, हे तिला शोधायचं.

"सरड्याले बी मलेरिया होते?" मी हसलो.

"होते. पण तो तुमच्यासारखा बोंबलत नाही. अंगात घेऊन वर्षंवर्षं फिरते," सुमन म्हणाली.

एका लहान बेटाच्या सगळ्या काचा कोऱ्या निघाल्या. अनघा तिथं आजार नाही असं लिहिणारच होती. सुमननं डोळा लावला आणि ओरडली, "अवं, इथं रक्तच नाही! मुंग्यायनं खाल्लं. स्पिरिटात न बुडवता काच उघडी ठेवली काय?" पोरगी पुन्हा त्या बेटावर गेली. त्याच खेपेची ही पेटी.

अनघानं तेव्हा मावशीलाही सोबत बोलावलं होतं. मी म्हटलं, "सरडे पाहाले विमान? इथं कमी आहेत काय?" ती गेली नाही. माझी चूक झाली, लिहून टाकतो.

मागच्या आठवड्यात अनघा आली. सुमननं पाहिलेल्या काचांत आजार सापडला नव्हता, पण उरलेल्या पाहिल्याशिवाय बेट निरोगी म्हणता येत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या दोन नळ्या सुमनच्या डोळ्यांमधल्या अंतराला बसवलेल्या. मी पाहिलं की दोन वेगळे गोल दिसतात, एक होत नाहीत. तरी मी कोणाला हात लावू दिला नव्हता. पोरीला ते समजलं असावं. म्हणाली, "काका, मी पेटी घरी नेते. तिकडं पाहीन."

मी खुर्ची ओढून सूक्ष्मदर्शकासमोर ठेवली.

"काहून? तिनं इथं सुरू केलं, इथंच होऊ दे. सरकव नळ्या."

तिनं सरकवल्या. अकराव्या काचेवर ती थांबली. "काका... आहे."

सुमनच्या वहीत, तिच्या शेवटच्या ओळीखाली, मी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: आहे.