तेलाच्या पिपाचं चिलखत

हसणार नाही असं आधी म्हणा, मगच सांगते. म्हणजे हसालच, पण निदान तोंडातला चहा गिळून घ्या. माझी फजिती अशी झाली, की रिठद गावात आजही मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही.

मला एक खोड आहे. राजेराण्यांचे कपडे करायची. कोणत्या काळातले, कोणत्या देशातले, असं विचारायचं नाही. बाह्या विलायती सरदाराच्या, कमरपट्टा आपल्याकडचा, खांद्यावर जुना पडदा, आणि डोक्यावर घरात जे गोल सापडेल ते. इतिहासात असा राजा कधी झाला नाही, आणि झाला असता तर प्रजेने हसून हसूनच त्याला घालवला असता. मालेगावला आमचा भाजीचा मळा आहे. वांगी तोडून झाली की दुपारी मी शिलाई मशीनवर बसते. एकदा बकरीलाही झगा शिवला होता. तिने तो खाल्ला. तेवढीच एक प्रामाणिक दाद मला आजवर मिळाली.

तर माझा भाचा अक्षय. त्याचं साक्षगंध ठरलं, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मुलगी रिठदची. तो माझ्याकडे आला.

"आत्या, समदे सूट घालतात. मले राजावानी काहीतरी करून दे ना!"

झालं! तेलाची तीन पिपं कापली. छापील बाजू आत, चकचकीत बाजू बाहेर. मानेपासून मांडीपर्यंत अखंड चिलखत, खाली चांगला घेर, मागून तारेने आवळायचं. पत्र्याने अंग कापू नये म्हणून कडेला मळ्यातल्या ठिबक सिंचनाच्या नळ्या. आमचे हे दारात उभे राहून बघत होते.

"हा राजा कोणत्या लढाईतला वं?"

"कोणत्याच नाही. तुमी चूप बसा."

"मंग बरं हाय. लढाईत गेला असता तं पयल्या टोल्यालेच वाजला असता."

अशा माणसाबरोबर मी संसार केला. आता बोला!

मी सगळा विचार केला होता बरं का. हात वर होतात, चालता येतं, उन्हात चमकतं. एकच गोष्ट राहिली. साक्षगंधाला नवरदेवाला काय करावं लागतं? अहो, पाया पडावं लागतं! एकाच्या नाही, ओळीने बसलेल्या सगळ्यांच्या. विलायती सरदारांच्या घरी ही भानगड नसावी. पण मी? आयुष्यभर वाकून वाकून कंबर झिजवलेली बाई, आणि मी हेच विसरले!

रिठदला मांडवात अक्षय शिरला तेव्हा लोक माना उंचावून बघत होते. मी तर हवेतच होते. मग तो मुलीच्या मोठ्या मामांसमोर उभा राहिला. मामा मंगरूळपीरचे, मोठ्या मिशांचे, सोयरीक जुळवलेली त्यांनीच. त्यांनी पाय पुढे केले. अक्षयने जोर केला. कर्रर्र असा आवाज आला आणि पोरगा ताठच. त्याने हसून नुसती मान हलवली.

मामांनी पाय मागे घेतले.

"काहून? नवरदेवाले वाकाची लाज वाटते काय?"

तेव्हाच सांगायचं ना, की पत्रा आहे, वाकत नाही? विषय संपला असता. पण मग माझ्या कलेचं काय! मी पटकन पुढे झाले.

"तसं नाही जी मामा, त्याच्या कंबरेत उसण भरली."

काय ती माझी अक्कल! माझ्या तोंडून उसण निघाली, बायकांच्या बैठकीत पोचेपर्यंत मणका सरकला, आणि चुलीपाशी गेली तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. भाजी ढवळणाऱ्या बाईने तर दोन ऑपरेशनं सांगितली.

मामा उठले आणि चपला शोधू लागले. "दुखणं लपवून पोरगी मांगता काय? नाही करत आमी सोयरीक!"

माझ्या दादाचा, म्हणजे अक्षयच्या बापाचा, चेहरा पडला. नवरी मुलगी पूनम आतल्या दारात रडकुंडीला आलेली. दोघं कधीपासून फोनवर बोलत होती, आणि त्यांचं लग्न मोडत होतं माझ्या पत्र्यापायी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, पोरगा धड हाय," मी हात जोडले. "माहा पत्रा वाकत नाही. मीच खोटं बोलली."

अक्षयला आत नेलं, पक्कडीने तार सोडवली. आत फाटकी बनियन, म्हणून होणाऱ्या सासऱ्याचाच सदरा चढवला. मग तो बाहेर येऊन सगळ्यांच्या पाया पडला. घाबरून मांडवाच्या खांबाच्याही पडला असता. पण मामा कुठले ऐकायला!

"आतमंदी दुखण्याची सुई देऊन आणला असंन."

"मंग आता काय करू जी?"

"पत्र्यानंच वाकता येत नाही म्हणता ना? तं तुमी घाला, अन् पडा माह्या पाया. पाहू!"

पक्कड घेऊन सगळ्यात आधी कोण उठलं असेल? आमचे हे! अक्षय काडीपैलवान आणि मी ही अशी. तीन जणांनी ओढलं तेव्हा कुठे तारेची टोकं भेटली. मामा पाय पुढे करून पुन्हा बसले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, श्वास सोडला आणि वाकले. म्हणजे मनाने वाकले. अंग सूतभरही हललं नाही. आणखी जोर केला तर मामांच्या मांडीवरच आदळत होते, दादाने मागून धरलं म्हणून वाचले.

मामांच्या मिशा थरथरल्या आणि मग ते असे हसले, की मांडवात हशा पिकला.

"करा बाप्पा साक्षगंध! पोरगा धड हाय, आत्याच येडी हाय!"

कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या, सगळं यथासांग पार पडलं. मी मात्र पत्र्यातच. पक्कड सापडत नव्हती म्हणे. आमच्या ह्यांनी तसं सांगितलं, म्हणजे ते खरंच असणार.

शेवटी पूनम माझ्या पाया पडायला आली. खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिला खांद्याला धरून उठवायचं मी, आणि माझे हात तिथवर पोचेनात! बिचारी खालून वर बघत होती. चिलखताच्या घेराची आतली बाजू बरोबर तिच्या नाकासमोर. शिकलेली मुलगी, अक्षर दिसलं की वाचणारच.

"आत्या," ती मांडवभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "आतून लिहेल हाय, निव्वळ वजन पंधरा किलो."

मामांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"पंधराच?"