डॉक्टरांच्या गाडीची विलायती दोरी

पाचर उलटी बसली होती. बसवणारा मीच. हे मला कळलं तेव्हा डॉक्टर राणे माझ्या गॅरेजच्या दारात उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत थरथरत होते.

"वर्तक," ते म्हणाले, "मी स्टिअरिंग धरलं होतं की ताक घुसळायची रवी?"

ही पाचर म्हणजे पुढचा आक्स, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, आणि स्प्रिंग यांच्यामध्ये घालायचा लोखंडी तुकडा. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. तिच्यामुळे आक्स किंचित कलतो आणि चाकं सरळ धावतात. उलटी घातली तर तीस मैलांच्या वेगावरच चाकं मान हलवायला लागतात. मुंबईच्या गॅरेजात आठ वर्षं काढलेल्या माणसानं ही चूक करू नये. मी केली, आणि डॉक्टरांना चहा पाजून ती तासाभरात सुधारलीही.

गाडी होती दोन सीटची, उघडी, विलायती स्पोर्ट्स कार. सत्तेचाळीस साली मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून डॉक्टरांनी घेतलेली. अलिबागहून थळ, चौल, रेवदंडा अशा व्हिजिट ते तिच्यातूनच करायचे. रस्ते त्या काळचे. पुढचा भाग प्रत्येक खड्ड्याला जबडा आपटावा तसा आपटायचा. आतापर्यंत डॉक्टरांनी सोसलं, पण आता त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला येत होती. शनिवारी धरमतरच्या लाँचवर तिला उतरवून घ्यायचं आणि घरी आणायचं. तिला हिसका बसता कामा नये.

"स्प्रिंगा बदलायच्या की शॉकअब्सॉर्बर?" डॉक्टरांनी मला आठवड्यापूर्वी विचारलं होतं.

स्प्रिंग म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. वरची सर्वांत लांब, तिच्यावरच आक्स टांगलेला. शॉकअब्सॉर्बर म्हणजे त्या स्प्रिंगचं नाचणं आवरणारा. या गाडीचे जुने, चकत्या घासून चालणारे होते. नवे, तेलावर चालणारे मुंबईत मिळत होते. स्प्रिंगा मात्र थेट विलायतेहून मागवाव्या लागल्या असत्या. तोवर बाळ रांगायला लागलं असतं.

मी खाली वाकून बॅटरी मारली आणि हरखलो. दोन्ही स्प्रिंगांवर घट्ट, वेढ्याला वेढा लागलेली काळी दोरी गुंडाळलेली होती. शर्यतीच्या गाड्यांना विलायतेत अशी दोरी बांधतात, त्यानं स्प्रिंग कडक राहते, हे मला मुंबईत एका अँग्लो-इंडियन फोरमननं सांगितलं होतं.

"डॉक्टर, ही रेसिंगची बांधणी आहे! इकडच्या कारागिराला असा हात साधतच नाही. स्प्रिंगांना हात लावायचा नाही. शॉकअब्सॉर्बर बदलू."

"नाही, पण ती दोरी जरा बघायची होती. मागे एकदा..."

"डॉक्टर, मी तुम्हाला कधी इंजेक्शन कुठं द्यायचं ते सांगतो का?"

बिचाऱ्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

नवे शॉकअब्सॉर्बर बसवले, त्याच कामात ती पाचर उलटी गेली. शुक्रवारी सकाळी ती सुलटी करून मी ट्रायलला निघालो. शेजारी बसवली बायकोला. इतकी वर्षं ती माझी फक्त ग्रीस लागलेली कापडं धूत होती, म्हटलं, कला पण बघू दे. नागावपर्यंत गेलो. सरळ रस्त्यावर ताशी पन्नास मैल. पदर दातांत धरून ती एवढंच म्हणाली, "छान आहे हो, पण आता वळवा."

परत आलो, तर हरी नाखवा बसलेले. रेवदंड्याचे. त्यांच्या होडीला नवं इंजिन आलं होतं, त्याचा तुटलेला ब्रॅकेट वेल्डिंगला आणला होता. गाडी बघून ते खाली वाकले.

"अरे, डाक्टरांची गारी! माझी दोरी अजून हाय?"

"तुमची कुठली नाखवा? ती विलायती दोरी आहे."

"व्हय? विलायतेत मासलीच्या जाल्याला डांबर लावतान काय?" त्यांनी दोरीवरून बोट ओढलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. डांबर आणि त्याच्यामागून सुक्या बोंबलाचा वास.

नाखव्यांनी सांगितलं ते असं. दोन पावसाळ्यांपूर्वी डॉक्टर त्यांच्या सुनेला तपासायला घरात गेले असताना गाडी एका अंगाला बसलेली दिसली. शिडाचा वासा चिरला की खलाशी तो दोरीनं आवळतात. स्प्रिंगची पट्टी चिरलेली बघून त्यांनी तसंच केलं.

"पण दोन्हीकडे आहे!" मी म्हणालो.

"एकीकरंच बांदली तर कशी दिसंल, मिस्तरी? डाक्टरांची गारी ती."

मी सुरी घेतली. डाव्या बाजूचे वेढे कापले. शेवटचा वेढा सुटला तसा टक्क आवाज झाला आणि वरची मुख्य पट्टी दोन तुकडे होऊन लोंबली. तुटलेल्या तोंडावर गंज इतका जुना होता की तिथं पोलाद होतं असं वाटूच नये. त्या दोरीवर डॉक्टर दोन वर्षं फिरले होते. त्याच दोरीवर तासाभरापूर्वी मी पन्नासनं गेलो होतो. उद्या एक गरोदर मुलगी जाणार होती.

नाखव्यांनीच मला पाणी आणून दिलं.

डॉक्टरांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही मुंबईला शिकलात, तर ती विलायतीच असेल. म्हटलं, नाखवा म्हणाला ती दोरी त्यानं दुसरीकडे कुठं बांधली असेल."

लेक शनिवारी टॅक्सीतून आली, सुखरूप. महिन्याभरानं ट्रकच्या जाड पट्ट्या कापून, लोहाराकडून तापवून पाणी देववून मी दोन्ही स्प्रिंगा नव्यानं रचल्या. वर दोरी नाही. विलायतेचं नाव घेण्यापूर्वी वस्तूचा वास घ्यावा, एवढं मी शिकलो.

ट्रायलच्या वेळी पट्टी तुटलेली होती, हे मात्र बायकोपासून लपवून ठेवलं होतं. शेवटी एकदा जेवताना सांगून टाकलं. तिनं वाढता वाढता पळी भांड्यात ठेवली.

"नाखव्यांना रविवारी जेवायला बोलवा," ती म्हणाली. "नागावला मला तुम्ही नेलंत. परत त्यांनी आणलं."