पिकअप, पाट आणि आई

मला पिकअपला मोठे टायर हवे होते, कारण मला ते आवडतात. नवऱ्याला मात्र मी सांगत होते की डोंगरात गेलं की गाडीचं पोट दगडांना घासतं. "मोहालीच्या ऑफिसला जाताना कुठले डोंगर लागतात तुला?" तो विचारायचा. त्याच्याकडे दुर्लक्ष करायची मला सवय आहे. अडचण आईची होती.

बाबा गेल्यावर आई सांगलीहून आमच्याकडे चंडीगढला राहायला आली. हिंदी तिला कळते, पण बोलायला लाजते, त्यामुळे शेजारणींशी 'नमस्ते जी'च्या पुढे गाडी कधी सरकलीच नाही. संध्याकाळी मी तिला पिकअपमध्ये पुढे बसवून सेक्टरांमधून एक फेरी मारायची, तेवढंच तिचं बाहेर पडणं. त्यात तिचे गुडघे दुखतात. गाडी आणखी उंच झाली आणि तिला चढताच आलं नाही, तर ती फेरीही बंद होणार आणि ती घरात कोंडली जाणार. म्हणून आधी तिलाच विचारलं.

"मला काय विचारता? करा तुमच्या मनासारखं," ती म्हणाली.

आमच्या घरात याचा अर्थ 'खबरदार' असा होतो. मी बेत रद्द केला आणि पुढचे काही दिवस भांडी जरा जोरात आपटली. शेवटी नवराच वैतागला. "नुसतं बघून तर येऊ," म्हणाला. रविवारी तिघं निघालो. आईने काखेत एक मोठी कापडी पिशवी धरली होती. मला वाटलं, खायचं काहीतरी घेतलं असेल.

दुकानाचे सरदारजी भले गृहस्थ, पण सगळी माहिती माझ्या नवऱ्याला देत होते. मोठे टायर नुसते बसवले तर वळताना आत घासतात, म्हणून आधी उंची वाढवणारं किट लावून सस्पेन्शन उचलायचं. किट लहान हवं की मोठं, तेवढं सांगा, सरजी. सरजींना गाडीची स्टेपनी कुठे असते तेही ठाऊक नाही.

"गाडी मेरी है जी," मी जरा ठसक्यातच म्हणाले.

ते मोकळेपणाने हसले. "फिर तो मॅडम, मेरीवाली चला के देखो."

मोठं किट बसवलेली त्यांची स्वतःची पिकअप दारातच उभी होती. तिची उंची बघूनच मी म्हणाले, "आई, तू थांब हं इथेच."

आईने पिशवीतून माझ्या लग्नातला पाट काढला. तो दाराखाली ठेवला, निऱ्या सावरल्या, वरची दांडी पकडली आणि "आई गं" म्हणत चढून बसली.

"अगं, चालणार होतं तर घरी बोलली का नाहीस?"

"बोलले की. करा म्हणाले ना? हौस तुझी, त्यात माझे गुडघे कशाला मध्ये?"

नवरा पाट मांडीवर घेऊन मागे बसला आणि मी गाडी काढली. रस्ता आमच्या रोजच्या फेरीचाच होता. छान ऊन पडलं होतं. आईने एकदम वरची दांडी घट्ट धरली. घाबरली की काय, असं वाटून मी वेग कमी केला.

"थांबव जरा," ती म्हणाली.

रोज इथे आम्हाला बंगल्याची भिंत आणि तिच्यावरून डोकावणारी मेंदी दिसायची. आज भिंतीपलीकडचं दिसत होतं. हिरवळीवर बाज टाकून एक म्हातारी मटार सोलत बसली होती. तिने वर पाहिलं. आईने हात हलवला. तिने मूठभर शेंगा उंचावून दाखवल्या, ये म्हटल्यासारखं.

आईने डोळ्यांना पदर लावला. "मला वाटायचं, या गावात म्हाताऱ्या बायकाच नाहीत."

मला रडू आलं. नवऱ्याने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग आम्ही परत फिरलो.

दुकानात सरदारजींनी या वेळी माझ्याकडे बघून विचारलं, कुठलं किट? मी तोंड उघडायच्या आत आईने काच खाली केली.

"बडा वाला," ती म्हणाली. "बडा वाला लगाओ, जी."