शिडीचं रबर

प्रवासी विमानाकडे चालत निघाले होते आणि वंदना माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला, आवाज अगदी खाली.

“मॅडम, शिडी लागली विमानाले. दाराच्या खाली. माझ्याच हातानं.”

“कोणी पाहिलं?”

“कोणीच नाही पाह्यलं.”

सई, ईशान, तुम्ही विमानात शिरता ते काचेच्या बोगद्यातून. रायपूरला तेव्हा तसलं काही नव्हतं. राज्य नवं, राजधानी नवी, विमानतळ जुनाच. मंत्र्यांचे पीए, ठेकेदार, शेजारच्या उरल्यातल्या कारखान्यांचे स्टीलवाले असे सगळे उन्हातून चालत जाऊन शिडी चढायचे. ती चाकांची लोखंडी शिडी आमचीच माणसं हातानं ढकलत विमानाला लावायची. मी स्वस्त तिकिटांच्या एका कंपनीची तिथली स्टेशन मॅनेजर होते. तिकीट स्वस्त ठेवायचं म्हणजे माणसं कमी ठेवायची. वंदना काउंटरवर बोर्डिंग पास द्यायची, काउंटर बंद झालं की धावत येऊन शिडी ढकलायची आणि विमान गेल्यावर हरवलेल्या बॅगांच्या तक्रारी ऐकायची.

शिडीच्या वरच्या कडेला जाड रबर असतं, विमानाच्या पत्र्याला लोखंड घासू नये म्हणून. आमचं रबर झिजलं होतं. मी नवीन मागितलं होतं. हेड ऑफिस दर वेळी म्हणायचं, पुढच्या तिमाहीत बघू.

वंदना रायपूरचीच, गुढियारी वस्तीतली. वडील रेल्वेतून आजारपणामुळे लवकर घरी बसलेले, धाकटा भाऊ कॉलेजात, पगार आणणारी ती एकटी. नोकरीत अजून पक्की झालेली नव्हती. आणि कंपनीचा नियम सगळ्यांना पाठ होता: विमानाला ज्याच्या हातून इजा होईल, तो घरी.

आमचा शिफ्ट इन्चार्ज राजेश शेजारीच उभा होता. तो तिच्यावर चिडला, पण तिच्याच काळजीनं. “पागल है क्या? थोड़ा पेंट गया होगा. बताने की क्या ज़रूरत थी?”

“दोनशे लोकं जाऊन राहिले ना भैया वर,” ती म्हणाली.

मी वर जाऊन पाहिलं. दाराखाली वीतभर ओरखडा होता. नुसता रंग गेलाय की पत्र्याला पोचा आलाय, हे मला कळेना. फरक मोठा असतो. उंचावर बाहेरची हवा विरळ असते, म्हणून विमानात हवा दाबून भरतात. फुगा फुगावा तसं सगळं अंग आतून ताणलं जातं. त्या ताणात दाराजवळचा पोचा काय करील ते सांगता येत नाही.

मी बोर्डिंग थांबवलं आणि कॅप्टनना सांगितलं. ते खाली उतरले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “इंजिनियरने पाहिल्याशिवाय मी हलणार नाही.”

रायपूरला आमचा इंजिनियर नव्हता. तोही खर्च वाचवलेला. दुसऱ्या एका कंपनीचा होता, पण त्यांचं विमान संध्याकाळचं, त्यामुळे तो शहरात घरी जेवायला गेलेला. त्याला जीप पाठवली आणि वाट बघत बसलो.

तो वेळ मला अजून आठवतो. हेड ऑफिसचा फोन सारखा वाजत होता. आमचं एक विमान दिवसभर गावोगाव फिरायचं. एका ठिकाणी अडलं की पुढच्या सगळ्या गावांना उशीर. तिकडचा माणूस एकच विचारत होता, लहान आहे ना? मी म्हणायची, माहीत नाही. परत हॉलमध्ये बसवलेल्या प्रवाशांतले उरल्याचे एक शेठ टेंडर चुकणार म्हणून माझ्या नावाने ओरडत होते. वंदना लोकांना पाण्याचे ग्लास वाटत होती. मला दोन्हीकडून भीती वाटत होती. पोचा निघाला तर विमान रायपूरलाच अडकणार. नाही निघाला तर सगळे विचारणार, मग थांबवलं कशाला?

इंजिनियर आला. बोट फिरवलं, टॉर्च तिरपा धरून पाहिलं, मोजलं. नुसता रंग होता. विमान गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा कॉल. आमची कंपनी त्या कॉलवर चालायची. सगळ्या गावांचे मॅनेजर एकाच फोनलाइनवर आणि पलीकडे मोठे साहेब. काल कुठे उशीर झाला, का झाला आणि कोणामुळे झाला. कोणामुळे म्हणजे एका माणसाचं नाव. ‘रबर’ हे उत्तर चालत नसे.

“रायपूर. नाव?”

“वंदना. पण सर, तिने स्वतः येऊन सांगितलं म्हणून कळलं.”

“म्हणजे धक्का तिचाच.”

“शिडीचं रबर झिजलंय. मी मागितलं होतं.”

“ते परचेस बघेल. धक्का कोणाचा?”

“तिचा. पण तिला काढलंत तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.”

“पुढच्या वेळी धक्काच लागता कामा नये. नेक्स्ट, भोपाळ.”

भोपाळने बोलायला सुरुवात केली. मी नंतर वरपर्यंत लिहिलं, स्वतः जाऊन भेटले. सगळे फार सभ्यपणे बोलले. वंदना गेली. ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाली, “तुम्ही काहून रडून राहिल्या मॅडम? बाबाले मले सांगायचं आहे.”

त्यानंतर रायपूरहून एकाही धक्क्याची खबर गेली नाही. शिडी तीच, रबर तेच, ढकलणाऱ्यांत आधीपेक्षा एक माणूस कमी. वर्षअखेर हेड ऑफिसने आम्हाला ढाल पाठवली: विमानाला एकही इजा न करणारं स्टेशन. राजेशने ती काउंटरमागे लावली. मला त्या ढालीकडे बघवत नसे. मी प्रत्येक विमानाला स्वतः शिडी चढून दाराच्या कडेवरून हात फिरवायला लागले. एकदा दोन ओरखडे हाताला लागले, धूळ बसलेले, जुने. कधीचे, कोणत्या गावचे, कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे कोणीच सांगत नव्हतं. विमान पुन्हा थांबवलं. कॉलवर साहेबांनी नाव विचारलं. मी म्हटलं, सर, आता नावं मिळत नाहीत. ते म्हणाले, “नेक्स्ट.”

वंदनाला तोवर दुसऱ्या कंपनीत काम मिळालं होतं, त्याच विमानतळावर, आमच्यासमोरच्या काउंटरला. एका दुपारी ती माझ्याजवळ आली, तशीच हळू आवाजात.

“मॅडम, तुमच्या शिडीचं उजवीकडचं रबर पूर्णच निघालं. लोखंड उघडं पडलंय.”

“आमच्यापैकी कोणी बोललं नाही.”

“ते कसे बोलतील?” ती हसली. “मी बोलू शकते. तुमच्या कंपनीले आता मले काढता येत नाही.”

त्या दिवशी मी माझ्या पैशाने ट्रकचं जुनं टायर आणवून त्याची पट्टी बसवून घेतली. नवं रबर आलं तेव्हा मी रिटायर झाले होते.

तुम्ही दोघं हसता, की आजी विमानात शिरताना दाराच्या कडेवरून हात का फिरवते. सई, तुझ्या हाताखाली आता माणसं आहेत म्हणतेस. त्यांच्याकडून बरेच दिवस काहीच वाईट कळलं नाही, तर खूश होऊ नकोस. उठून बघून ये.