मुडपलेला कोपरा

आईनं वाचणं सोडलं ते कुणाला न सांगता. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, उजवा डोळा सुधारला, पण डाव्याच्या पडद्याचंच काही बिनसलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता मोठी अक्षरं असतील तरच वाचा. मोठ्या अक्षरांचं मराठी हैदराबादेत आणायचं कुठून? हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती दुपारी नुसती खिडकीशी बसून राहायला लागली. आयुष्यभर ज्या बाईला मी दुपारी कागदात डोकं घातलेलं पाहिलं, तिचे हात आता मांडीवर रिकामे पडलेले असायचे. मला ते बघवत नव्हतं.

वाईट वाटलं की मला ते बोलून दाखवता येत नाही, मी काहीतरी दुरुस्त करायला घेतो. नोकरीही तसलीच, सगळी उमर कंप्युटरसमोर गेली. शोधताशोधता मला एक वेब ॲप्लिकेशन सापडलं. इंटरनेटवर एखादा लेख दिसला आणि लगेच वाचायला वेळ नसला, की त्याची लिंक त्यात टाकायची. मग ते जाहिराती, हलती चित्रं, मध्येच उड्या मारणाऱ्या खिडक्या असा सगळा कचरा झटकून नुसता मजकूर आपल्यासाठी ठेवून देतं. अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं. शिवाय फुकट, आणि कुणीही आत हात घालून बदल करावेत असं खुलं. घरात एक जुना लॅपटॉप पडला होता, त्याची बॅटरी गेलेली. तो चपलांच्या कपाटावर ठेवला, वायर लावली आणि ते त्याच्यावर बसवलं. आईसाठी एक टॅब आणला.

प्रश्न बटणांचा होता. आईला इंग्रजी येत नाही. तेलुगू बोलते फर्डी, पण वाचता येत नाही. मराठी भाषांतराला कुणीतरी हात घालून अर्ध्यावर सोडलं होतं आणि जे केलं होतं ते वाचून धडकी भरावी. वाचलेले लेख जिथं जातात त्या जागेचं नाव त्या गृहस्थांनी ‘अभिलेखागार’ ठेवलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “हे कायतरी कचेरीतलं लफडं दिसायलंय. नक्को मला.”

मग ते भाषांतर मीच करायला घेतलं. रविवारी दुपारी जेवणं झाली की ती पलंगावर, मी खाली पाट घेऊन. मी वाक्य वाचायचो, ती सांगायची. ‘वाचायचं आहे’, ‘वाचून झालं’, ‘काढून टाका’. “सरळ बोल ना रे, कशाला परेशान करतोस लोकांना?” हे तिचं धोरण. ते ॲप्लिकेशन बनवणाऱ्या मंडळींकडे पाठवल्यावर भाषांतर तपासणारं कुणी पुण्याचं होतं. त्यांनी कळवलं की भाषेला ठिकठिकाणी उर्दूचा वास येतो. येणारच. मी त्यांच्याशी आठवडाभर वाद घातला आणि बहुतेक जागी जिंकलोही.

जोडाक्षरं तुटायची, म्हणून वेगळा फॉन्ट टाकला. लॅपटॉपचं घड्याळ परदेशातल्या वेळेवर होतं, त्यामुळे पहाटे उघडलं की वर आदल्या दिवसाची तारीख दिसायची. आई चारला उठते, टॅब हातात आल्यावर तिच्या लगेच लक्षात आलं. मी ओशाळलो, तर ती खूश! म्हणाली, “राहू दे की. आपला पेपर कालचाच यायचा.”

खरंच, आमच्या काचीगुड्याच्या जुन्या घरी मराठी पेपर नेहमी कालचाच यायचा. तो रेल्वेनं यायचा आणि वडील ऑफिसातून येताना स्टेशनवरून घेऊन यायचे. आधी ते वाचायचे, मग मी खेळाचं पान, आणि आई सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे तिच्यापर्यंत परवाची बातमी पोचायची. कोठी भागातल्या फुटपाथवरून वडील जुने दिवाळी अंक आणायचे, तेही ती असेच उरलेल्या वेळात वाचायची. आमच्या किराणा दुकानदाराकडे कुठून कोण जाणे मराठी रद्दी यायची. त्यानं जिऱ्याची पुडी बांधून दिली की आई जिरं डब्यात ओतून कागद हातानं सपाट करायची. गोष्ट अर्धीच असायची. तिला चालायचं.

वडिलांना मात्र पसारा चालत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते घरातला सगळा कागद गोळा करायचे आणि एकेक उचलून विचारायचे, “वाचलं का?” हो म्हटलं की तो रद्दीत. त्यावर आईनं एक रीत पाडली होती. जे वाचायचं राहिलंय त्याचा वरचा कोपरा ती मुडपून ठेवायची. मुडपलेल्या कोपऱ्याला वडील हात लावत नसत, हा त्यांचा शब्द होता आणि त्यांनी तो पाळला. असे कागद तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत जायचे. वडील हसून म्हणायचे, “हिचं वाचायचं राहिलेलंच जास्त.”

वडील गेल्यावर काही वर्षांनी आम्ही काचीगुडा सोडून इकडे आलो. सामान बांधायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते झपाट्यानं केलं. फ्लॅटमध्ये त्या ट्रंकेला जागा नव्हती. मी झाकण उघडलं, वरपर्यंत मुडपलेले कागद. आई भांडी कागदात गुंडाळत होती. मी विचारलं, “आई, हे वाचलंस का सगळं?” ती दमली होती. म्हणाली, “हौ रे, वाचलंय.” रद्दीवाला दारातच उभा होता. “अम्मा, पूरा लेजाऊं क्या?” त्यानं विचारलं आणि उत्तर मीच दिलं. त्या दिवशी एक मोठं काम उरकल्याचं मला समाधान वाटलं होतं.

तर, टॅब. पहिल्या दिवशी मी तिच्याजवळ बसून तिला सगळं शिकवलं. कंदिलाच्या काचा राखेनं पुसण्यावर कुणीतरी लिहिलेला छोटा लेख मी तिच्यासाठी ठेवला होता. तिनं तो वाचला. बोटभर मोठी अक्षरं, एकेक ओळ, ओठ हलवत. मध्ये थांबून म्हणाली, “माझ्या हाताला काच लागली होती अशीच.” शेवटी मी तिचं बोट धरून ‘वाचून झालं’ दाबायला लावलं. लेख यादीतून गेला. “आता तो आत जपून ठेवलाय,” मी म्हणालो.

मग मी कुठूनकुठून शोधून तिच्यासाठी लेख टाकत गेलो. रोज ऑफिसला जाताना एक, येताना एक-दोन. आणि रोज मी माझ्या फोनवर आकडा बघायचो. वाचून झालं, एक. वाचायचं आहे, पन्नास. दोन महिन्यांत दीडशे. ‘वाचून झालं’चा आकडा एकाच्या पुढे कधी गेलाच नाही, उलट एक दिवस तिथं शून्य दिसलं. मला वाटलं, तिनं चुकून काहीतरी दाबलं असेल. यादीचा आकडा अडीचशेवर गेला तेव्हा माझा तोल गेला.

“आई, तू वाचतेस का नुसती घेऊन बसतेस?”

“वाचते की सावकाश.”

“एकसुद्धा झाला नाही तुझा!”

ती टॅब उशाशी ठेवून स्वयंपाकघरात गेली. मग मला माझ्याच आवाजाची शरम वाटली आणि पाठोपाठ भीती. डोळे गेले असतील. मला वाईट वाटू नये म्हणून ही रोज दुपारी दिसत नसलेल्या अक्षरांसमोर बसत असेल. ते चित्र डोक्यातून जाईना. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिला कोठीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लावलं, मराठी अक्षरांचं एक कार्ड कुठूनतरी काढून तिच्या हातात दिलं. आईनं ते खडखडीत वाचून दाखवलं. शेवटची ओळ सोडून सगळं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, पहिल्यापेक्षा चांगलंच आहे, काळजीचं काय कारण?

परत येताना रिक्षात मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि रागही येत होता. आईच बोलायला लागली. समोर मोसंब्यांची गाडी अडकली होती, त्यावरून तिला आठवलं आणि तिनं मोसंबीच्या बागेत बालपण गेलेल्या एका बाईचा लेख सांगितला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्या बाईच्या मावशीच्या स्वभावासकट. तो मी पंधरवड्यापूर्वी टाकला होता. मग विहिरीच्या रहाटाचा. मग रेल्वेतल्या गार्डाच्या डब्याचा.

“म्हणजे तू वाचलेस सगळे?”

“सगळे. काही दोनदा.”

“मग ते बटण का नाही दाबत?”

ती बाहेर बघत अगदी साध्या आवाजात, तक्रार नसल्यासारखी म्हणाली, “वाचलं म्हटलं की जातंय रे. कंदिलाचा लेख गेला की. मी रोज बघत होते, महिनाभर होता, मग नाही दिसला. आणि त्या ट्रंकेच्या वेळी एकदाच मी खरं बोलले.”

रिक्षा कधी घरापाशी आली ते मला कळलं नाही. पंधरा वर्षं ती त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. वडिलांना जे कोपरे मुडपून तिनं थोपवलं होतं, ते वाचायचे राहिले म्हणून मुडपलेले नव्हतेच. तिला ते हवे होते, एवढंच. आणि हे ओळखायला मला अडीचशे लेख आणि एक डोळ्यांचा डॉक्टर लागला.

घरी येऊन चपला काढल्या आणि तिथंच कपाटापाशी उभा राहून लॅपटॉप उघडला. सेटिंगच्या फाइलमध्ये माझ्या हातानं लिहिलेली ओळ होती: वाचलेले लेख तीस दिवसांनी काढून टाकावेत. डिस्क लहान होती हे खरं, पण मला जुनं साठलेलं बघवत नाही हे जास्त खरं. मी वडिलांचाच मुलगा, फक्त त्यांच्यासारखा मुडपलेल्या कोपऱ्यापाशी थांबणारा नाही. ती ओळ पुसली. कंदिलाचा लेख ज्या वेबसाइटवर होता तिथं अजून होता, तो पुन्हा आणून ठेवला. मग आईसमोर जाऊन बसलो.

“ट्रंक मी द्यायला नको होती,” मी म्हणालो. “चुकलं माझं.”

“झालं गेलं,” ती म्हणाली. “त्यात तुझ्या बाबांच्या हातचे दोन-तीन कागद होते. मी मुडपायची विसरले तर तेच मुडपायचे.”

म्हणजे ती वाचलेलंच जपतेय हे त्यांना ठाऊक होतं. मी टॅब तिच्या हातात दिला आणि सांगितलं की आता काही जाणार नाही, वाचलं तरी राहील. ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी रद्दीवाल्याकडे बघावं तशी. मग तिनं कंदिलाचा लेख उघडला, शेवटपर्यंत नेला आणि आपण होऊन ‘वाचून झालं’ दाबलं. फक्त तो एकच. बाकीच्या अडीचशेंना हात लावला नाही.

त्यानंतर ती रोज सकाळी चहाआधी ‘वाचून झालं’ उघडून बघायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंब करायची. मी ते पाहिलं, पण विचारलं नाही. एकतिसाव्या दिवशी मी बूट घालत होतो, तेव्हा ती टॅब घेऊन दारापर्यंत आली आणि तो माझ्यापुढे धरला.

“आहे,” ती म्हणाली.