वहिनींचं बिनतारी बटण

माझा दादा वायरमन. समोरचा माणूस जीव तोडून काही सांगत असला, तरी याची नजर त्याच्या डोक्यावरच्या दिव्यावर. वहिनींना बघायला गेला तेव्हाही म्हणे अर्धा वेळ छतातल्या होल्डरकडेच बघत होता. ही गोष्ट वहिनी इतक्या रंगवून सांगायच्या की दादाही लाजून हसायचा.

मग वहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. उरले डोळे आणि डावा हात. दादाने बाहेरची कामं सोडली आणि मागच्या खोलीत पंखे, मिक्सर दुरुस्त करायला घेतले. वहिनींच्या उशाशी त्याने एक पितळी घंटा ठेवली. "काही लागलं की वाजव, मी आलोच."

वहिनींनी ती एकदाही वाजवली नाही. जन्मात कधी कुणाला हाक मारून काम सांगितलं नव्हतं त्यांनी. घंटा वाजवून नवऱ्याला बोलावणं त्यांच्या पचनी पडणार नव्हतंच. दादा तासातासाला जाऊन विचारायचा. त्या मान हलवून नाही म्हणायच्या, आणि डोळे मिटून घ्यायच्या.

"तिने मागणंच सोडलंय गं," दादा एकदा मला म्हणाला. "अशीच हळूहळू निघून जाईल आपल्यातून. मला कळणारसुद्धा नाही."

आमच्या एका भाचीने फोनवरून सुचवलं, हल्ली बोललं की दिवे-पंखे चालू होणारी यंत्रं मिळतात, तसलं काही बसवा. दादा भडकला. जिची वाचा गेली तिला बोलून चालणारं यंत्र! पण तसली यंत्रं विकणाऱ्या दुकानातूनच तो एक बटण घेऊन आला. पांढरं, तळहातावर मावेल एवढं. त्याला ना वायर, ना सेल.

"मग चालतं कशावर?" मी विचारलं.

"दाबणाऱ्याच्या बोटावर." दादाचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता. "आत चुंबक आहे आणि तारेचं वेटोळं. बटण खाली जातं, तेवढ्यात चिमूटभर वीज तयार होते. दिव्याला 'लाग' किंवा 'वीझ' एवढा निरोप पोचवते आणि संपते."

आयुष्यभर भिंतींना खाचा पाडत आलेला हा माणूस ते बटण कानाशी धरून टिकटिक ऐकत बसला होता. मला हसू आलं, आणि भरूनही आलं. त्याने ते पलंगाच्या फळीला, वहिनींच्या डाव्या हाताखाली चिकटवलं. दिवा बसवला मागच्या खोलीत, आपल्या टेबलावर. छोटा, पिवळा. आवाज नाही, हाक नाही. "नुसता उजेड येईल माझ्याकडे," त्याने वहिनींना सांगितलं. त्यांनी बटणाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

त्यानंतरच्या दुपारी मला अजून आठवतात. मी रोज जेवण उरकून दादाजवळ मागच्या खोलीत जाऊन बसायची. घर अगदी निवांत, बाहेर कुणाचीतरी सायकल गेली तरी ती आपल्याच अंगणातून गेल्यासारखी वाटायची. दादा पंख्याच्या मोटारीला तार गुंडाळत असायचा, एकसारखी, हलक्या हाताने, आणि मध्येच हात थांबवून दिव्याकडे बघायचा. मीही बघायची. बघता बघता डोळा लागायचा आणि स्वप्नात तो दिवा लागायचा. जाग आली की विझलेलाच असायचा.

अशाच एका दुपारी मी अर्धवट झोपेत असताना तो लागला. स्वप्नच असेल म्हणून मी पडून राहिले. दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला.

"लूज कनेक्शन," दादा पुटपुटला. टेस्टर घेऊन उठला, प्लग काढला, परत लावला, होल्डर उघडून आत फुंकर मारली. दिवा आपला लागतोय, विझतोय.

मी ताडकन उठून बसले. "अरे शहाण्या, वहिनी बोलावतायत!"

टेस्टर हातात तसाच धरून दादा धावला. मी त्याच्या मागे.

वहिनी रागाने लाल झाल्या होत्या. त्यांनी डावा हात उचलला आणि खिडकीकडे दाखवलं. पश्चिमेचं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं. दादा रोज जेवणानंतर तो पडदा बाजूला सारायचा. तिला उजेड बरा वाटतो, असं मलाही सांगायचा.

"रोज यायचं असं?" दादाने विचारलं.

वहिनींनी मान हलवली. हो.

दादाने पडदा ओढला. खोलीत गार, करडा अंधार झाला. मग तो पलंगाशी खालीच बसला, त्यांचा हात कपाळाला लावून लहान पोरासारखा रडला. "मी डोळे मिटलेले बघायचो. मला वाटायचं, तू माझ्यावर रुसलीस."

वहिनींनी हात सोडवून घेतला, त्याचे केस जरा विस्कटले, आणि बटण दाबलं. मागच्या खोलीत दिवा विझला की लागला, ते बघायला कुणी उठलं नाही.